बेळगावच्या छपरावरनं कराची आणि कोलंबो: लांबचं टीव्ही स्टेशन ओळखायचं कसं

नकाशा काढा आणि बेळगाववर बोट ठेवा. तिथनं वायव्येला सरळ रेषेत कराची, साधारण १२७० किलोमीटर. बरोब्बर उलट्या अंगाला, आग्नेयेला जरा दक्षिणेकडं कलून कोलंबो, साधारण ११५० किलोमीटर. म्हणजे दोन शेजारी देशांची दोन मोठी शहरं आपल्या दोन हाताला, जवळजवळ एकाच रेषेत. लांबचं टीव्ही पकडायचा नाद ज्याला आहे त्याला अशी जागा मागून मिळत नाही, आणि आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या पोरांना हे माहीतच नसतं म्हणून जरा सविस्तर लिहायलोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. सिग्नल पकडणं थोडंफार नशिबाचं काम आहे, पण आलेलं स्टेशन कुठलं ते ओळखणं पूर्ण आपल्या हातात आहे, आणि खरी मजा त्यातच आहे. माझा नियम एकच, दोन वेगवेगळे पुरावे जुळल्याशिवाय वहीत स्टेशनचं नाव लिहायचं नाही. "वाटतंय तसं" हा पुरावा नव्हे.

आता एवढ्या लांबनं सिग्नल येतो कसा? जमिनीपासून १००-११० किलोमीटर वर हवेचा एक थर आहे, त्याला ई थर म्हणतात. त्यात कधी कधी अचानक दाट पट्टे तयार होतात, म्हणजे स्पोरॅडिक ई, आणि मग एरवी सरळ अंतराळात निघून जाणारा लो बँडचा (म्हणजे खालच्या, २ ते ४ नंबरच्या चॅनलचा) टीव्ही सिग्नल त्या पट्ट्यावर आपटून खाली येतो. ही उडी साधारण हजार ते बावीसशे किलोमीटरची. कराचीचा सिग्नल आपल्याकडं यायचा तर तो पट्टा दीवच्या आसपास समुद्रावर पाहिजे, आणि कोलंबोचा यायचा तर कोइमतूर-इरोडच्या डोक्यावर. त्यामुळं बेळगावात पाऊस धो धो कोसळत असला तरी काही बिघडत नाही, आभाळ बघून टीव्ही बंद करून बसू नका (वीज कडकडत असेल तर गोष्ट वेगळी, ते खाली सांगतो). सीझन मुख्य म्हणजे मे ते ऑगस्ट, आणि थोडासा डिसेंबर-जानेवारीत. रोज येत नाही, आठवडा आठवडा नुसत्या मुंग्या बघायची तयारी ठेवा.

कुठल्या चॅनलवर बसायचं? २, ३ आणि ४, बाकी सध्या विसरा. पाकिस्तान, श्रीलंका आणि आपण, तिघांचीही जुनी ॲनालॉग सिस्टीम एकच, पाल-बी, त्यामुळं आपल्या जुन्या टीव्हीत काही न बदलता चित्र आणि आवाज दोन्ही येतात. चॅनल २ चं चित्र ४८.२५ मेगाहर्ट्झवर, ३ चं ५५.२५ वर, ४ चं ६२.२५ वर, आणि आवाज प्रत्येक चित्राच्या ५.५ मेगाहर्ट्झ पुढं. बँड नेहमी खालनं उघडतो, आधी २ वर हालचाल दिसते, मग ३, मग ४, आणि फारच जोर असला तर ८८ च्या पुढं एफएमवर सुद्धा परकी स्टेशनं घुसतात. दूरदर्शननं २०२२ पर्यंत आपले बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले, वाईट वाटलं, पण आपल्या कामासाठी हे चॅनल आता मोकळे झालेत. शेजारी पण हळूहळू डिजिटलकडं चाललेत, तेव्हा दरवर्षी सीझनच्या आधी कुठले ट्रान्समीटर चालू आहेत त्याची ताजी यादी बघून ठेवायची.

सामान फार लागत नाही. जुना डबा टीव्ही, हातानं ट्यूनिंग करायची सोय असलेला, भंगारवाल्याकडं अजून मिळतो. ऑटो सर्चवाला नको, तो कमजोर सिग्नलवर थांबतच नाही. टीव्ही जरा नवा असेल तर मेनूत जाऊन निळा स्क्रीन बंद करा, नाहीतर सिग्नल कमजोर झाला की टीव्ही सगळं निळं करून टाकतो आणि नेमकं पाहिजे ते त्याच्यामागं लपतं. आपल्याला मुंग्याच बघायच्यात, मुंग्यांमधनंच चित्र वर येतं.

अँटेना साधा डायपोल. ॲल्युमिनियमचे दोन पाइप, प्रत्येकी १.३ मीटर, एका लाकडी फळीवर समोरासमोर ठोकायचे, मधे दोन बोटांची जागा सोडायची आणि तिथनं वायर खाली आणायची. आता बेळगावचा फायदा बघा. डायपोलला सिग्नल त्याच्या आडव्या बाजूनं, म्हणजे दोन्ही पोटाकडनं चांगला मिळतो, टोकांकडनं मिळत नाही. तेव्हा पाइपची टोकं ईशान्य आणि नैऋत्येला केली की एक पोट कराचीकडं आणि दुसरं कोलंबोकडं, अँटेना फिरवायची गरजच नाही. मोठा यागी (एकाच दिशेनं पकडणारा, बऱ्याच आडव्या काड्यांचा अँटेना) लावला तर मात्र फिरवावा लागतो, आणि तो पुढं कामाला येतो कारण सिग्नल कुठल्या दिशेनं जोरात आहे हाच एक पुरावा असतो.

वळीवाचं मात्र मनावर घ्या. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर विजांसकट पाऊस येतो आणि सीझन पण तेव्हाच सुरू होतो. लांब कुठं गडगडलं तरी अँटेनाची वायर टीव्हीतनं काढायची आणि तिचं टोक घराबाहेर टाकायचं. विजेच्या तारेजवळ पाइप उभा करायचा नाही, कितीही उंच मिळत असलं तरी नाही.

आता ओळखायचं. इथं सीमाभागातल्या माणसाला जो फायदा आहे तो पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही. आपण लहानपणापासनं दोन लिप्यांचे बोर्ड वाचतो, बाजारात मराठी-कन्नड-कोकणी-उर्दू सगळं कानावर पडतं, त्यामुळं कान आणि डोळा दोन्ही तयार असतात. पण त्यातच फसगत पण होते. मी एकदा रामेश्वरला घरच्यांबरोबर गेलो होतो, बरोबर छोटा पोर्टेबल टीव्ही घेतला होता, तिथनं श्रीलंका समुद्रापलीकडं अगदी जवळ. संध्याकाळी लॉजच्या गच्चीवर लावला तर एकदम स्वच्छ चित्र आणि खाली गोल गोल अक्षरांची पट्टी. मला वाटलं कन्नडच, चार अक्षरं वाचायचा प्रयत्न केला आणि एक पण लागेना. नीट बघितल्यावर कळलं. कन्नड अक्षराच्या डोक्यावर तो छोटा बाक असतो ना, शाळेत मास्तर ज्याला तलकट्टु म्हणायचे, तो तिथं नव्हताच. सिंहली अक्षर नुसतं गोल, गोगलगाईसारखं वळलेलं, डोकं मोकळं. तेव्हापासनं मुंग्यांमधे अक्षरं दिसली की मी पहिल्यांदा डोकं बघतो. तलकट्टु आहे म्हणजे कन्नड किंवा तेलुगू, नाही म्हणजे सिंहलीचा संशय घ्यायचा. शिवाय अंतराचा हिशोब पण लावायचा, बेंगळूर आपल्यापासनं साडेचारशे-पाचशे किलोमीटर, ई थराच्या उडीत ते सहसा येतच नाही, उडी त्याच्या डोक्यावरनं जाते.

तमिळ ऐकू आली तर घाई नको. श्रीलंकेच्या टीव्हीवर तमिळ कार्यक्रम असतात आणि तमिळनाडूचं तर आहेच, त्यामुळं तमिळ एकटी पुरावा होत नाही, तिच्याबरोबर सिंहली अक्षर किंवा लोगो पाहिजेच. बंगालीचं पण तसंच, ढाका आणि कोलकाता दोन्ही आपल्यापासनं एका उडीत बसतात. देवनागरी दिसली म्हणून भारतच असं पण नाही, नेपाळ आहे.

उर्दू आणि अरबी यात लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. उर्दूची अक्षरं तिरकी, वरनं खाली उजवीकडनं डावीकडं घसरत आल्यासारखी असतात, त्याला नस्तालीक म्हणतात. अरबी सरळ एका रेषेवर बसलेली, ती नस्ख. आकडे पण बघा, ४, ५, ६ उर्दूत वेगळे काढतात आणि अरबीत वेगळे. पण सरळ रेषेतलं अक्षर दिसलं की लगेच मस्कत-दुबई लिहून मोकळं होऊ नका, सिंधी पण नस्खमधेच लिहितात आणि कराचीवरनं सिंधी कार्यक्रम लागतात. सिंधीत अक्षरांना टिंबं खूप असतात, कुठं कुठं चार चार, ती दिसतात काय बघा.

आणि सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे घड्याळ. जून महिन्यातली गोष्ट सांगतो, माळ्यावर टीव्ही लावून बसलो होतो, बाहेर पाऊस, लो बँडवर आधी नुसत्या आडव्या रेघा हलायल्या आणि मग एकदम माणसाचा चेहरा वर आला, बातम्या, भाषा उर्दू. आता उर्दू बातम्या दूरदर्शन पण देत होतं, त्यामुळं पेन हातात धरून नुसता बसलो. कोपऱ्यात घड्याळ होतं पण चित्र सारखं लाटेसारखं येत जात होतं, आकडे लागेनात. तीनेक मिनिटांनी एक जोरदार लाट आली आणि दिसलं, ५:१२. माझ्या मनगटावर ५:४२. अर्धा तास मागं म्हणजे पाकिस्तान, विषय संपला. त्या दिवशी एवढा आनंद झाला की खाली चहा थंड होऊन गेला तरी उठलो नाही.

हे फरक पाठच करून ठेवा. पाकिस्तान आपल्यापेक्षा अर्धा तास मागं, मालदीव पण तेवढंच. ओमान आणि दुबई दीड तास मागं, इराण दोन तास. बांगलादेश अर्धा तास पुढं, नेपाळ पाऊण नाही तर फक्त पंधरा मिनिटं पुढं. श्रीलंका आपल्याच वेळेवर, त्यामुळं तिथं घड्याळाचा उपयोग नाही. पण कुणाकडं जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील आणि त्यातलं स्टेशन ओळखायचं असेल तर सांभाळून, श्रीलंकेनं १९९६ मध्ये घड्याळ पुढं केलं होतं आणि २००६ मध्ये परत आपल्या वेळेवर आणलं, मधल्या बहुतेक काळात ते अर्धा तास पुढं होते. पाकिस्ताननं पण २००२, २००८ आणि २००९ च्या उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं केलं होतं, म्हणजे त्या महिन्यांत ते आपल्या मागं नाही, पुढं होते.

घड्याळ दिसलंच नाही तर अजान. मगरिबची अजान सूर्य मावळला की होते. जूनमध्ये बेळगावात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो आणि कराचीत आपल्या घड्याळानं पावणेआठच्या पुढं. तेव्हा अजान लागल्याची वेळ मिनिटासकट लिहून ठेवा आणि नंतर त्या त्या शहराच्या सूर्यास्ताशी ताडून बघा. नुसत्या आवाजावरनं गाव सापडतं. तसंच पीटीव्हीचं, म्हणजे पाकिस्तानच्या सरकारी टीव्हीचं, खबरनामा हे बातमीपत्र त्यांच्या रात्री ९ ला, म्हणजे आपल्या साडेनऊला, ती वेळ धरून बसायची. हवामानाचा नकाशा लागला तर मोबाईलवर फोटो काढा, देशाची आकृती मुंग्यांमधे पण ओळखू येते.

सिग्नल वागतो कसा हे पण बघायचं. ई थराचा सिग्नल चंचल, एकदम फुगतो, एकदम मरतो, कधी दोन स्टेशनं एकमेकांवर चढतात. दोन-पाच सेकंदच चमकून गेला तर उल्का असणार, १२-१३ ऑगस्ट आणि १३-१४ डिसेंबरला उल्कावर्षावात हे जास्त होतं. आणि तासन् तास स्थिर राहिला तर ते समुद्रावरच्या हवेच्या थरांमुळं, त्याला ट्रोपो डक्ट म्हणतात. अरबी समुद्रावरचे डक्ट फार जबरदस्त असतात, दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर अरबस्तानचा किनारा दिसल्याची नोंद आहे, १७०० मैलांवरनं! पण आपण सह्याद्रीच्या मागं, डक्ट घाटाखालीच राहतो. त्यासाठी चोर्ला किंवा आंबोली उतरून गोवा, वेंगुर्ला, कारवार गाठायचं, पावसाळ्याच्या आधी किंवा नंतर, आणि तिथं चॅनल ५ च्या पुढचे पण तपासायचे.

लॅपटॉप असेल तर आरटीएल-एसडीआर डोंगल घ्याच, म्हणजे यूएसबीत लावायचा छोटा रेडिओ, तो सिग्नल स्क्रीनवर रेघांनी दाखवतो. चित्र यायच्या कितीतरी आधी त्यावर कॅरिअरची, म्हणजे चित्र वाहून आणणाऱ्या मूळ लहरीची, बारीक रेघ दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूला १५.६२५ किलोहर्ट्झच्या अंतरानं कंगव्याच्या दातांसारख्या रेघा, तसा कंगवा दिसला म्हणजे ॲनालॉग टीव्हीच. एकाच चॅनलवरचे ट्रान्समीटर एकमेकांना त्रास देऊ नयेत म्हणून मुद्दाम काही किलोहर्ट्झ इकडं तिकडं ठेवलेले असतात, त्यामुळं कॅरिअर नेमका कुठं बसलाय हे मोजलं तर देशच काय, ट्रान्समीटर पण ठरवता येतो. त्याआधी डोंगल कॅलिब्रेट करा, म्हणजे माहीत असलेल्या फ्रिक्वेन्सीशी ताडून त्याची चूक काढा, चुकलेल्या डोंगलवर मोजलेला आकडा नसलेलाच बरा.

डिजिटलची आशा धरणाऱ्यांना एवढंच, श्रीलंकेनं २०१४ मध्ये जपानी आयएसडीबी-टी सिस्टीम निवडली, आपले डीव्हीबी-टी२ वाले टीव्ही ती वाचत नाहीत.

वहीत काय लिहायचं ते शेवटी. तारीख, आपली वेळ, चॅनल, अँटेनाची दिशा, काय दिसलं, काय ऐकलं, सिग्नल कसा वागला. अंदाज आणि डोळ्यांनी बघितलेलं वेगवेगळ्या रकान्यात. स्टेशनचा रकाना रिकामा राहिला तरी चालतो, माझ्या वहीत अशा कितीतरी ओळी आहेत. त्यातल्या एका ओळीत "गोल अक्षरं, बाई गातेय, ४० सेकंद" एवढंच आहे, आणि ती मी अजून सोडवायलोय.