चढावर एकाच पायाचा जोर जात असेल तर: सायकलपटू आणि धावपटूंच्या पायाच्या धमनीचा आजार कसा ओळखावा, उपचार कसे ठरवावेत

नांदुरीहून सप्तशृंगगडाकडे जाणारा सुमारे १० किलोमीटरचा घाट सायकलवरून चढताना दम पुरतो, एक पाय व्यवस्थित चालतो, पण दुसऱ्या पायाची मांडी एकाएकी भरून येते, पेडलवरचा जोर जातो आणि उतरून पाच मिनिटे उभे राहिले की सगळे पूर्ववत होते. अशी तक्रार एखाद्या तरुण, निर्व्यसनी सायकलपटूने केली, तर त्याला बहुतेक वेळा ‘नस दबली आहे’ असे सांगून मालिश, वेदनाशामक गोळी आणि आठवडाभराची विश्रांती सुचवली जाते. विश्रांतीत दुखणे नसतेच, त्यामुळे विश्रांतीने बरे वाटले असा समज होतो. परंतु ठरावीक जोरालाच दुखणे सुरू होणे, ते त्याच पायात होणे आणि थांबल्यावर काही मिनिटांत नाहीसे होणे या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर रक्तपुरवठ्याचा विचार आधी व्हायला हवा.

जांघेच्या वर, ओटीपोटातून मांडीकडे रक्त नेणारी एक्स्टर्नल इलिॲक नावाची धमनी असते. सायकल चालवताना, विशेषतः हँडलवर खाली वाकून, ही धमनी प्रत्येक फेरीला दुमडते. मिनिटाला ९० फेऱ्या धरल्या तर तासाला एका पायाची ५,४०० वेळा. तिच्यातून त्याच वेळी प्रचंड वेगाने रक्त वाहत असते, आणि सोअस या मांडी वर उचलणाऱ्या स्नायूकडे जाणारी एखादी शाखा किंवा जांघेतील अस्थिबंध तिला एका जागी जखडून ठेवत असतो. वर्षानुवर्षांच्या या ताणाने धमनीचे आतील अस्तर तंतुमय होऊन जाड होते. काहींमध्ये धमनी लांबते आणि मांडी वर येताच तिला पीळ पडतो. या विकाराला एंडोफायब्रोसिस म्हणतात आणि १९८० च्या दशकात फ्रान्समधील शल्यविशारदांनी तो प्रामुख्याने सायकलपटूंमध्ये नोंदवला. हा कोलेस्टेरॉलचा थर नव्हे. त्यामुळे रक्तातील चरबीचा अहवाल उत्तम आला म्हणून धमनी निर्दोष ठरत नाही.

सायकलपटूंखेरीज ट्रायथलॉन करणारे, धावपटू आणि नौकानयनपटू यांनाही हा विकार होतो. सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत, तळेगाव रोहीचे नौकानयनपटू दत्तू भोकनळ आणि २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू ज्या नाशिक जिल्ह्याचे आहेत, तिथे धावणे, नौकानयन आणि सायकलिंग हे तिन्ही खेळ गांभीर्याने खेळले जातात. म्हणूनच या आजाराची माहिती नाशिकच्या प्रशिक्षकांना आणि फिजिओथेरपिस्टना असणे मला अत्यंत आवश्यक वाटते.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी खेळाडूने दोन-तीन आठवड्यांची नोंद ठेवावी: कोणता पाय, मांडी की पोटरी की नितंब, दुखणे सुरू झाले तेव्हा हृदयाचे ठोके किती होते, थांबल्यावर किती मिनिटांत गेले, आणि ताठ बसून चालवल्यास फरक पडतो का. पेडलवरचा जोर मोजणारे पॉवर मीटर सायकलला असल्यास डाव्या-उजव्या पायाच्या जोराची विभागणीही लिहावी. या नोंदीवरून इतर कारणे बरीचशी वेगळी करता येतात. पोटरीचा स्नायू दगडासारखा घट्ट होऊन दुखणे थांबल्यावरही बराच वेळ रेंगाळत असेल, तर स्नायूकोशातील दाब वाढण्याचा विकार संभवतो. कंबरेतून निघून पायात उतरणारी आणि बसल्यानेही होणारी कळ मज्जातंतूची असण्याची शक्यता अधिक. तरुण धावपटूच्या केवळ पोटरीत व तळपायात त्रास होत असेल, तर गुडघ्यामागील धमनी स्नायूखाली दाबली जात नाही ना, हे पाहावे लागते. पन्नाशीच्या पुढचा, मधुमेह असलेला किंवा तंबाखू खाणारा-ओढणारा हौशी सायकलपटू असेल, तर नेहमीचा चरबीच्या थराचा आजार आधी तपासावा; त्याचे उपचार वेगळे आहेत. त्यात तंबाखू पूर्ण बंद करणे, स्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे आणि देखरेखीखाली नियमित चालणे यांना पहिले स्थान आहे.

आता मुख्य तपासणी. घोट्याजवळील सिस्टॉलिक (वरच्या) रक्तदाबाला दंडावरील रक्तदाबाने भागले की जो निर्देशांक मिळतो, तो विश्रांतीत साधारण १ किंवा थोडा अधिक असतो आणि ०.९ किंवा त्याहून कमी आल्यास आजार मानला जातो. एंडोफायब्रोसिसच्या खेळाडूचा हा आकडा विश्रांतीत बहुधा अगदी चांगला येतो, पायाच्या नाड्याही नीट लागतात, आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. माझे आग्रहाचे सांगणे आहे की केवळ विश्रांतीतील मोजमापावर या खेळाडूला निर्दोष ठरवू नये. दुखणे ज्या स्थितीत येते, त्याच स्थितीत ते आणून मोजमाप करावे.

त्यासाठी खेळाडूची स्वतःची सायकल ट्रेनरवर, म्हणजे ती जागच्या जागी चालवता येणाऱ्या स्टँडवर लावावी, म्हणजे सीटची उंची आणि पाठीचा कोन नेहमीचाच राहील. शेजारी तपासणीचे टेबल हवे. व्यायामाआधी खेळाडूला दहा मिनिटे उताणे निजवून दोन्ही दंड व दोन्ही घोट्यांचा दाब हातात धरायच्या, रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या डॉपलर यंत्राने मोजावा. दंडासाठी बनवलेले स्वयंचलित यंत्र घोट्यावर विश्वासार्ह ठरत नाही. मधुमेहींच्या पायांची तपासणी जिथे होते, तिथे हे डॉपलर यंत्र सहसा असते. नाडीचा आवाज जिथे सर्वांत स्पष्ट लागतो, तिथे घोट्यावर बॉलपेनने ठळक फुली करावी. ही बारीकशी गोष्ट फार उपयोगी पडते, कारण व्यायामानंतर पाय घामाने ओला असतो, नाडीचा आवाज क्षीण झालेला असतो आणि जागा शोधण्यात मोलाचे मिनिट निघून जाते. मग खेळाडूने खाली वाकलेल्या स्थितीत, जोर टप्प्याटप्प्याने वाढवत, नेहमीचे दुखणे येईपर्यंत सायकल चालवावी. जोर पूर्ण लागणार असल्याने ही चाचणी डॉक्टरांच्या उपस्थितीतच व्हावी. थांबताच त्याला झोपवून पहिल्या मिनिटाच्या आत दंड आणि दोन्ही घोट्यांचा दाब घ्यावा. दोघांनी दोन पाय वाटून घेतल्यास उत्तम.

इथे आकड्यांचा अर्थ बदलतो. कठोर व्यायामानंतर दंडाचा दाब वाढलेला असल्याने निरोगी खेळाडूचाही निर्देशांक उतरतो, म्हणून ०.९ ची मर्यादा लावू नये. पहिल्या मिनिटात तो ०.६६ पेक्षा कमी आला, तर संशय बळकट होतो. उदाहरणार्थ, दंडावर १८० आणि दुखऱ्या पायाच्या घोट्यावर १०८ दाब असेल, तर निर्देशांक ०.६ येतो. दोन पायांतील फरकही महत्त्वाचा आहे, मात्र काहींमध्ये आजार दोन्ही बाजूंना असतो आणि मग फरक दिसत नाही. मांडी पोटाकडे दुमडून जांघेवर स्टेथोस्कोप ठेवल्यास घरघर ऐकू येते का, हेही पाहावे.

चाचणी संशयास्पद आली की व्हॅस्क्युलर सर्जनकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाकडे जावे. डॉपलर सोनोग्राफी मांडी दुमडून आणि व्यायामानंतर करून घ्यावी. तशी स्पष्ट सूचना चिठ्ठीवर लिहून मागावी, अन्यथा ती सरळ पायावर होते आणि पीळ निसटतो. त्यापुढे धमनीचे चित्र घेणारी सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी असते.

उपचार खेळाडूच्या ध्येयावर अवलंबून आहेत. स्पर्धा सोडून मध्यम जोराने चालवण्यास तयार असलेल्या व्यक्तीला पुष्कळदा शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. हँडल उंच करावे, एरोबारवर (हँडलला पुढे जोडलेल्या दांड्यांवर) वाकून चालवणे सोडावे, क्रँक (पेडलचा दांडा) आखूड घ्यावी आणि पेडल वर ओढण्याची सवय कमी करावी. याने त्रास कमी होऊ शकतो. जाड झालेले अस्तर मात्र पूर्ववत होत नाही, त्यामुळे तपासणी चालू ठेवावी.

ज्याला पूर्ण ताकदीने स्पर्धा करायची आहे, त्याच्यासाठी खुली शस्त्रक्रिया हा प्रस्थापित मार्ग आहे. नुसता पीळ असेल तर धमनी मोकळी करतात. लांबलेली असेल तर आखूड करतात. अस्तर जाड असेल तर ते काढून स्वतःच्याच शिरेच्या तुकड्याचे ठिगळ लावतात. धमनीत फुगा फुगवण्याचा किंवा स्टेंट (जाळीची नळी) बसवण्याचा पर्याय छोटा आणि सोपा वाटतो, पण खेळ चालू ठेवायचा असेल तर तो टाळावा. धमनी जिथे सतत दुमडते, तिथे स्टेंट वाकतो, तुटतो किंवा बंद होतो. इटलीचा सायकलपटू फाबियो आरू आणि फ्रान्सची सायकलपटू पोलिन फेराँ-प्रेव्हो या दोघांवरही २०१९ मध्ये या धमनीची शस्त्रक्रिया झाली; फेराँ-प्रेव्होने पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकचे सुवर्णपदक मिळवले. तरीही धोके खरे आहेत, आजार परतू शकतो, आणि सर्जनने अशा किती खेळाडूंवर शस्त्रक्रिया केली आहे, हे विचारण्यात कोणताही संकोच बाळगू नये.

शस्त्रक्रियेनंतर जांघेतून खोल वाकणे काही आठवडे टाळावे लागते, कारण ठिगळ भरून येण्याआधी त्यावर ताण पडल्यास ते फाटू शकते. आधी सपाट चालणे, नंतर ताठ बसून हलकी सायकल, आणि घाट सर्वांत शेवटी. स्पर्धेत उतरण्यापूर्वी तीच ट्रेनरवरची चाचणी पुन्हा करून आधीच्या आकड्यांशी ताडून पाहावी.

एक लक्षण मात्र थांबून पाहण्याचे नाही. व्यायामादरम्यान किंवा नंतर पाय अचानक थंड, पांढुरका किंवा बधिर झाला आणि विश्रांतीनेही सुधारला नाही, तर धमनीत गुठळी झालेली किंवा तिचे अस्तर फाटलेले असू शकते. अशा वेळी पाय चोळू नये, शेकू नये, घरी थांबू नये; व्हॅस्क्युलर सर्जन उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तत्काळ पोहोचावे, कारण पाय वाचवण्यासाठी हाताशी साधारण सहाच तास असतात.