क्विंटल की किलो? हास्केलला ठरवू द्या

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलवर निघतो, काटा मात्र किलो दाखवतो. हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत आडतीच्या हिशोबाची लायब्ररी लिहिताना दोन्ही आकडे नुसते 'डबल' (साधे दशांश आकडे) ठेवलेत, तर कधीतरी शंभरपट घोळ होणारच आणि कंपायलर हूं की चूं करणार नाही.

वजनासाठी वेगळा 'न्यूटाइप' करा, म्हणजे आत तोच आकडा, पण कंपायलरच्या लेखी वेगळा टाइप. चालताना त्याचा भार शून्य, टाइपची तपासणी सगळी कंपाइल होतानाच. मॉड्यूलमधून टाइप बाहेर द्या, कन्स्ट्रक्टर (आकड्याचं थेट वजन बनवणारा) आतच ठेवा. बाहेरच्यांसाठी दोन फंक्शनं पुरेत: एक किलो घेणारं, एक क्विंटल घेणारं. उणे वजन आलं तर दोन्ही 'नथिंग' (म्हणजे 'उत्तर नाही') देतील. आत साठवायचं किलोतच. वाचायला एक साधं फंक्शन द्या, कारण कन्स्ट्रक्टर लपवला की बाहेर पॅटर्न मॅचिंग करून आतला आकडा काढता येत नाही.

आता खरी मेख. बेरीज हवी म्हणून घाईत 'नम' डिराइव्ह करू नका, म्हणजे आकड्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार सगळं वजनाला आयतं देऊ नका. (मी केलं होतं.) मग कोडमधला नुसता ५ हा आकडासुद्धा गुपचूप वजन होतो, वजाबाकीतून उणे वजनही निघतं, दारावर पहारा आणि खिडकी उघडी! शिवाय वजन गुणिले वजन म्हणजे काय? त्यापेक्षा 'सेमीग्रुप' (दोन वजनं जोडायची कशी) आणि 'मोनॉइड' (त्यात शून्य वजनाची भर) द्या. दिवसभराच्या पोत्यांची बेरीज मग अख्खी यादी जोडणारं 'एमकॉनकॅट' हे फंक्शन करतं.