चांदोलीत काम करायचंय? आधी शून्य लिहायला शिका

"वाघावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारणारे हल्ली फार वाढलेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची वाघीण चांदोलीत आणून सोडली आणि चांदोली ज्यात येतं तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प एकदम सगळ्यांच्या तोंडी आला. २०१० साली प्रकल्प जाहीर झाला तेव्हापासून "तिथे वाघ आहेत तरी का?" हे टोमणे ऐकत आलेल्यांना बरंच वाटलं.

पण आधीच सांगतो, वाघ दिसणार नाही. दोन हंगामांत मला एकही दिसला नाही. वाघ टिकायचा तर सांबर, भेकर, गवा पुरेसे हवेत, म्हणून नवख्याच्या वाट्याला लेंड्या आणि खुरांचे ठसे येतात. उठून गेलेल्या गावांची गावठाणं, घरांची जोती, त्यांच्यात माजलेलं गवत, त्यात चरणारे गवे. हेच तुमचं ऑफिस. डेहराडून-बंगळूरच्या वन्यजीव अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षा, जंगलात काम करायला नागपूरच्या वनखात्याची परवानगी वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. फक्त अर्ज पावसाळ्याआधी टाका, नाहीतर परवानगीची वाट बघण्यात अर्धा हिवाळा जातो.

आता माझा अख्खा हंगाम कशात गेला ते.

नकाशावर चौकटी पाडलेल्या होत्या. प्रत्येक चौकटीत ठरलेल्या वाटेने चालायचं, सांबराच्या खुणा शोधायच्या, आणि असं चारदा. खूण दिसली की मी हौसेने लिहायचो: वेळ, जीपीएस, ताजी की जुनी, शेजारी पट्टी ठेवून फोटो. काहीच दिसलं नाही की वही बंद. अंगावरच्या गोचिड्या काढायच्या, पाणी प्यायचं आणि निघायचं. न दिसलेलं काय लिहायचं?

मे महिन्यात तक्ता भरायला बसलो तर निम्म्याहून जास्त रकाने रिकामे. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "हा कोरा आहे म्हणजे तू गेला नव्हतास, की गेलास आणि दिसलं नाही?" मला आठवेना.

हे नीट समजून घ्या, मी दोनदा सांगितलं तरी चालेल. कोरा म्हणजे शून्य नव्हे. समजा चौकटीत सांबर आहे, पण एका फेरीत त्याची खूण सापडायची शक्यता दहात तीन. म्हणजे हुकायची ०.७. चारही फेऱ्यांत हुकायची शक्यता ०.७ चारदा गुणून येते, ०.२४. सांबर असलेल्या दर चार चौकटींपैकी जवळजवळ एकीत तुम्ही "नाही" म्हणून मोकळे होणार! ही चूक गणिताने सावरता येते, पण दिसलं तिथे १, गेलो आणि नाही दिसलं तिथे ०, अशी रांग असेल तरच: ०, ०, १, ०. किती वेळा गेलो आणि किती वेळा हुकलो, यावरूनच तो "दहात तीन"चा आकडा निघतो. कोरा, कोरा, १, कोरा यातून काही निघत नाही. कोऱ्याला शून्य धरलं तर जिथे पाऊलही टाकलं नाही तिथे सांबर नाही असं ठरतं. कोरे वगळले तर सगळं जंगल सांबरांनी भरलेलं वाटतं, आणि त्या भरवशावर कुणी तिथे वाघ सोडायचं ठरवलं तर?

खरं म्हणजे मला हे कळायला मेपर्यंत थांबायची गरज नव्हती. सोबतचे मामा, ज्यांचं गाव याच जंगलातून उठलं, ते जानेवारीतच सांगत होते. झोळंबीच्या सड्याकडच्या, म्हणजे कातळपठाराकडच्या वाटेवर एका पाणवठ्याशी उकिडवे बसून म्हणाले, "चिखल बघा. पाखराबिगर पाय न्हाई. पंधरवडाभर जनावर फिरकलेलं न्हाई हितं." मी पाहिलं, चिखलावर नुसत्या बारीक तीनबोटी नक्ष्या होत्या. छान आहे म्हणालो, मोबाईलवर फोटो काढला आणि पुढे चालू लागलो. वहीत त्या दिवसाचं पान कोरं.

म्हणून माझं मत ठाम आहे, कुणाला आवडो न आवडो: पहिल्या वर्षी मार्गदर्शक कोण मिळतोय यापेक्षा सोबत कोण चालतंय ते बघा. दोन दिवसांच्या "वाइल्डलाइफ सर्टिफिकेट"ला पैसे घालवू नका. आणि कॅमेरा ट्रॅपचे (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) फोटो एआय ओळखेल म्हणून निवांत राहू नका. सेल बदलल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ कधीकधी मागे गेलेलं असतं, ते एआयला कुठून कळणार? उभं राहून तारीख तपासा, मगच हला.

एवढं वाचून घाबरलात तर तेही नको. माझा हंगाम फुकट गेला, करिअर नाही. त्याच मार्गदर्शकांनी पुढच्या नोव्हेंबरात परत पाठवलं. दिवसाला दोनच चौकटी झाल्या तरी कुणी ओरडत नाही. पाय दुखतात, घरचे "नोकरी कधी?" विचारतात, स्टायपेंड उशिरा येतो. होतं सगळं.

आता वहीच्या प्रत्येक पानावर, निघण्याआधीच, तारीख आणि चौकटीचा नंबर टाकून ठेवतो. फेरी संपली की मामा दगडावर टेकतात, तळहातावर तंबाखू मळता मळता विचारतात, "शून्य लिवला का?"