दोन लहान मुलगे वाढवताना या चुका टाळा

घरात दोन लहान मुलगे असले की आईवडिलांची पहिली तक्रार भांडणांची असते, आणि ती रास्तही असते. परंतु ही रोजची भांडणे नीट पाहिली, तर त्यांतल्या बऱ्याच भांडणांचे मूळ मुलांच्या स्वभावापेक्षा मोठ्यांच्या वागण्यात सापडते. धाकटा जन्मला की थोरला आपल्या नजरेत एकाएकी मोठा होतो. त्याचे वय तीन-चार वर्षांचेच असते, पण समजूतदारपणाची अपेक्षा मात्र सात-आठ वर्षांच्या मुलाकडून करावी तशी केली जाते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका थोरल्याचे खरे वय विसरल्यामुळेच होतात.

‘तू मोठा आहेस ना, देऊन टाक’

लाल ट्रक थोरल्याच्या हातात आहे. धाकट्याने तो ओढला, थोरल्याने सोडला नाही आणि धाकट्याने भोकाड पसरले. दुसऱ्या खोलीतून धावत आलेल्या आईला किंवा वडिलांना दिसतो तो रडणारा धाकटा आणि ट्रक छातीशी घट्ट धरून उभा असलेला थोरला. अशा वेळी ‘तू मोठा आहेस ना, देऊन टाक’ हे वाक्य तोंडातून सहज निघून जाते, कारण त्याने रडणे लगेच थांबते. मात्र तेवढ्यात दोन्ही मुले काही तरी शिकून मोकळी होतात. मोठ्याने रडले की हवी ती वस्तू मिळते, हे धाकट्याला कळते. आणि आपल्या हातातली कोणतीही वस्तू या लहानग्यासाठी कधीही काढून घेतली जाऊ शकते, हे थोरल्याला कळते. मग तो खेळणी लपवू लागतो, धाकटा जवळ येताच त्याला ढकलतो किंवा कोणी पाहत नसताना चिमटा काढतो, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

यावर उपाय म्हणजे दोघांना सारखाच लागू होणारा एक नियम: वस्तू ज्याच्या हातात आहे, तो सोडेपर्यंत ती त्याची. धाकट्याला जवळ घ्यावे, ‘तुला ट्रक हवाय, दादाचं खेळून झालं की तुझी पाळी’ असे शांतपणे सांगावे आणि त्याचे रडणे थोडा वेळ सहन करावे. त्याची मागणी नाकारली तरी त्याच्याकडे दुर्लक्ष होत नाही, एवढे त्याला कळले म्हणजे पुरे. शिवाय काही मोजकी खेळणी फक्त थोरल्याची असावीत, धाकट्याचा हात पोहोचणार नाही अशा जागी असावीत आणि ती वाटून खेळण्याची सक्ती त्याच्यावर कधीही होऊ नये. आपली वस्तू सुरक्षित आहे याची खात्री पटलेला मुलगा ती दुसऱ्याला देण्यास अधिक सहज तयार होतो.

प्रत्येक भांडणाचा निवाडा करणे

‘सुरुवात कोणी केली?’ या प्रश्नाचे खरे उत्तर क्वचितच मिळते. मिळतात ती दोन फिर्यादी आणि एक नवे भांडण. जे आपण स्वतः पाहिले नाही त्याचा निकाल देऊ नये. कोणी कोणाला मारले असेल तर आधी दोघांना वेगळे करावे, ज्याला लागले आहे त्याच्याकडे प्रथम जावे आणि दोघे शांत झाल्यावरच बोलावे. मारामारी नसेल, तर ‘ट्रक एक आहे आणि हवा दोघांना आहे, आता काय करायचं?’ असे विचारून तिथेच बसून राहावे. चार-पाच वर्षांचा मुलगा यावर काही तरी तोडगा सुचवू शकतो, आणि तो आपल्याला पटला नाही तरी त्या दोघांना मान्य असेल तर चालू द्यावा.

धाकटा दोन-अडीच वर्षांचा असेल, तर त्याला लांबलचक समज देण्यात अर्थ नसतो. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळे काही असू शकते, ही जाण मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास स्पष्टपणे येऊ लागते. दुसरा दुखावला आहे हे त्याहून लहान मुलालाही जाणवते. पण ‘दादाला काय वाटलं असेल, विचार कर’ या प्रश्नावरून स्वतःला आवरणे त्याला अजून जमत नाही. त्याचा हात हळूच धरून ‘मारायचं नाही, दुखतं’ एवढेच सांगावे. तेच वाक्य पुष्कळदा सांगावे लागेल. ते मुलाचे अपयश नव्हे आणि आपलेही नव्हे.

समान वाटणीचा हिशेब मुलांना पटवून देणे

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट दोन मुलांच्या घरात फार उपयोगी पडते. रुंद ग्लासातले पाणी मुलासमोरच उंच, अरुंद ग्लासात ओतले, तर साधारण सात वर्षांखालील बरीच मुले उंच ग्लासात पाणी जास्त आहे असे सांगतात. म्हणजे ‘दोघांना सारखंच दिलंय’ हे आपले म्हणणे खरे असूनही त्यांच्या डोळ्यांना ते खोटे दिसते. येथे वाद घालून उपयोग नाही. दोघांना एकाच मापाचे, एकाच आकाराचे ग्लास द्यावेत. मुले जरा मोठी झाली की एकाने वाटणी करायची आणि दुसऱ्याने आधी उचलायचे, ही पद्धत उत्तम चालते.

झोपेची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तेथे समान वागणूक हीच चूक ठरते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2016 मध्ये केलेल्या शिफारशीनुसार दिवसाच्या झोपेसह 1 ते 2 वर्षांच्या मुलाला 11 ते 14 तास आणि 3 ते 5 वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप हवी, तर 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास. दोघांना एकाच वेळी अंथरुणात घातले की बहुधा एक जण अतिशय थकलेला असतो आणि दुसऱ्याला झोप आलेली नसते. संध्याकाळच्या भांडणांची संख्या अचानक वाढली असेल, तर शिस्तीचा विचार करण्याआधी झोप आणि भूक तपासावी.

दंगामस्ती सरसकट बंद करणे

एकमेकांना पाडणे, अंगावर लोळणे, पाठलाग करणे हा लहान मुलांचा खराखुरा खेळ आहे आणि ताकद किती लावायची, कुठे थांबायचे हे ती त्यातूनच शिकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 3 ते 4 वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान 180 मिनिटे हालचाल व्हावी आणि त्यातली किमान 60 मिनिटे दमवणारी असावी. ही हालचाल घरात दाबून टाकली तर ती दुसरी वाट शोधते.

खेळ आणि मारामारी यांतला फरक चेहऱ्यावर दिसतो. खेळात दोघे हसत असतात, कधी एक वर तर कधी दुसरा, थोरला आपली ताकद राखून असतो आणि सुटका झाल्यावर दोघेही पुन्हा एकमेकांकडे धावतात. ओठ आवळलेले, मुठी वळलेल्या आणि एक जण सुटून दूर जाण्याची धडपड करत असेल, तर मध्ये पडण्याची वेळ झालेली असते. ‘थांब’ म्हटले की लगेच थांबायचे आणि चेहऱ्याला व मानेला हात लावायचा नाही, हे दोन नियम आधीच ठरवून ठेवावेत.

थोरल्यावर राखणीची जबाबदारी टाकणे

ही चूक सर्वांत गंभीर आहे. ‘जरा बाळाकडे बघ, आलेच’ असे सांगून न्हाणीघरातून बाहेर पडणे जिवावर बेतू शकते. लहान मूल काही सेंटिमीटर खोल पाण्यातही बुडू शकते आणि बुडताना अनेकदा आवाजसुद्धा होत नाही. पाच वर्षांच्या मुलाला धोका ओळखता येत नाही, आणि काही अघटित घडलेच तर त्याचे ओझे त्याच्या मनावर आयुष्यभर राहते.

थोरल्याच्या खेळण्यांचाही विचार करावा. त्याच्या वयाला योग्य असलेले बारीक तुकडे तीन वर्षांखालील धाकट्याच्या घशात अडकू शकतात. खेळण्यांतल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या तर अत्यंत घातक असतात: गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही तिथे गंभीर भाजल्यासारखी इजा होते. तसा नुसता संशय आला तरी उलटी करवण्याच्या फंदात न पडता मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे. कपाटे आणि उंच मांडण्या भिंतीला पक्क्या बांधून घ्याव्यात, कारण दोघे असले की एक चढतो आणि दुसरा खाली उभा राहतो.

शिक्के मारणे आणि रडू न देणे

‘हा शांत, तो उपद्व्यापी’ असे मुलांच्या देखत बोलू नये. मुले त्या शिक्क्याप्रमाणे वागू लागतात. ‘मुलगा असून रडतोस?’ हे वाक्य तर घरातून कायमचे हद्दपार व्हावे. ज्याला दुःख बोलून दाखवता येत नाही, त्याच्याजवळ उरतो तो फक्त हात उचलण्याचा मार्ग.

अंथरूण ओले करणे थांबलेला थोरला धाकटा आल्यावर पुन्हा ते ओले करू लागला किंवा बोबडे बोलू लागला, तर त्याला लाजवू नये. रोज थोडा वेळ त्याच्या एकट्याच्या वाट्याला आला की बहुधा हे हळूहळू ओसरते. मात्र लघवी करताना दुखत असेल, वारंवार लघवी होत असेल किंवा तहान फार वाढली असेल, तर ते मत्सरामुळे होत आहे असे समजून थांबू नये आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे.