मेटल संगीतासाठी दोन महागड्या इलेक्ट्रिक गिटारींतून एक निवडताना

या किमतीत दोन्ही गिटारी चांगल्याच असणार. म्हणून पिकअपवरून (तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग) वाद घालू नका. ते उद्या बदलता येतात. नेकचा (गिटारीच्या मानेचा) आकार आणि स्केलची, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची, लांबी मात्र कायमची गळ्यात पडते.

ड्रॉप सी (सहावी, सर्वांत जाड तार सी सुरापर्यंत उतरवलेलं ट्यूनिंग) किंवा त्याखाली वाजवणार असाल तर २५.५ इंची स्केल बरी. २४.७५ इंचावर त्याच गेजच्या (जाडीच्या) तारा सैल पडतात; सहावी तार जोरात छेडली की सूर आधी वर चढतो, मग जागेवर येतो, आणि वेगवान रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी धून) बेसूर वाटते. जाड तारा लावून भागतं, पण मग नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचा रुंद करून घ्याव्या लागतात.

फ्लोटिंग फ्लॉइड रोझ (स्प्रिंगांवर तोललेला, दांडीने हलणारा ब्रिज, म्हणजे तारांचं खालचं टोक धरणारा भाग) दिसतो झकास. पण ड्रॉप डीसाठी सहावी तार उतरवलीत की बाकीच्या पाच चढतात. सारखं ट्यूनिंग बदलणाऱ्याने मुकाट्याने फिक्स्ड (न हलणारा) ब्रिज घ्यावा. (डाइव्ह बॉम्बशिवाय, म्हणजे दांडी दाबून सूर खोल पाडल्याशिवाय, जमतच नसेल तर गोष्ट वेगळी.)

आधी अँप बंद ठेवूनच वाजवा, तेही पट्टा लावून, उभं राहून. बसून सगळ्याच गिटारी हाताला बसतात. वरच्या फ्रेट्सपर्यंत बेंड करा, म्हणजे तार बाजूला ताणून सूर चढवा. तिथे सूर मध्येच मेला तर सेटअप (तारांची उंची वगैरेची जुळणी) करून पुन्हा दाखवायला सांगा.