चुलीतली राख काढायला अवजार घेताय? आधी हे बघा

आमच्याकडं गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी अन् भाकरी अजूनही चुलीवरच, तुराट्या-पऱ्हाट्या पडूनच असतात ना. मागच्या दिवाळीनंतर मी बाजारातून प्लास्टिकचं सुपडं आणलं, वरून राख थंडगार दिसली म्हणून भरली अन् खालचा एक निखारा बुडातून आरपार. बाजूच्या खोलीत वेचलेला कापूस छतापर्यंत भरलेला, विचार करा. राख निखाऱ्यावर गोधडीसारखी बसते, आतला इस्तो (विस्तव) दुसऱ्या दिवशीपर्यंतही जिवंत राहू शकतो, म्हणून आधी ढवळून बघायचं.

लाल निखारा 600-700 अंशाच्या आसपास असतो अन् बादल्या-सुपड्यांचं प्लास्टिक 130 ते 170 च्या दरम्यान वितळतं, नॉनस्टिकचा तो काळा नायलॉनचा सराटा (उलथनं) 220 ते 260 ला. ॲल्युमिनियमची पळीपण नको, 660 ला वितळते आणि त्याआधीच हात भाजते कारण लोखंडापेक्षा भराभर तापते. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू राख उचलायला चालेल पण निखाऱ्यात खुपसून ठेवू नका, जस्त 419 लाच वितळतं.

मग घ्यायचं काय? सगळ्यात बेस्ट म्हणजे वखराची झिजलेली पास, म्हणजे वखराचं लोखंडी पातं. लोहाराकडं न्या, रुंद पातं करून त्याला हातभर लांब सळई जोडून द्या म्हणा, शेवटी बाभळीची मूठ. मूठ रिव्हेट मारून बसवलेली पाहिजे, नुसती चिकटवलेली चार दिवसात निघते. घेताना पातं हलतं का ते हलवून बघायचं, अन् धार नको, नाही तं सारवण खरवडून निघतं. तारेचा ब्रशपण त्याचसाठी मातीच्या चुलीला नको, लोखंडी चुलीला ठीक आहे.

चिमटा लांब घ्या, सांडशी चुलीवरून गंज (पातेलं) उतरवायला आहे, तिनं निखारा धरला की बोटं पार जवळ जातात.

शिंदीचा फडा (झाडू) सगळ्यात शेवटी, राख हाताला गार लागल्यावरच.

हातमोजे पाहिजेच असतील तं वेल्डिंगवाल्याचे चामड्याचे, अन् कोरडे. ओले असले की वाफेनं भाजतं. फवारणीचे रबरी मोजे तं चुलीजवळ आणूच नका बाप्पा, वितळून कातडीला चिकटतात अन् औषध असतं ते वेगळंच.

राख लोखंडी घमेल्यात, नाही तं झाकणाच्या पत्र्याच्या पिप्यात भरा आणि पिपा अंगणात उघड्या जमिनीवर ठेवा, कुटारापासून (जनावरांच्या भुशापासून) अन् कापसापासून लांब. उकिरड्यावर टाकायची ती दुसऱ्या दिवशी, परत एकदा ढवळून.