चिलखती गाड्यांच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी : पोलाद, गॅस आणि निळा पट्टा

चिलखती सुरक्षा वाहनांच्या बांधणीत येऊ पाहणाऱ्यांना ब्रिनेल कठीणता (धातू किती कठीण आहे याचे माप), वेल्डिंगचे प्रकार आणि ड्रॉइंग वाचणे येत असते, असे मी गृहीत धरतो. अडचण येते ती ट्रकच्या बॉडीवर आणि साध्या फॅब्रिकेशनमध्ये हाताला लागलेल्या सवयींमुळे. मलाही त्यांनीच नडवले, आणि वेल्डच्या कडेला निळा पट्टा, म्हणजे प्लेट जास्त तापल्याची खूण, दिसला की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

कारखान्यात येणाऱ्या आर्मर प्लेटसोबत मिलचे, म्हणजे ती प्लेट बनवणाऱ्या पोलाद कारखान्याचे, प्रमाणपत्र असते. स्वीडनच्या एसएसएबी कंपनीच्या आर्मॉक्स 500टी या प्लेटची कठीणता 480 ते 540 ब्रिनेल असते, आणि हा आकडा वाचून नवखा माणूस निर्धास्त होतो. परंतु ही कठीणता प्लेट तापवून झटकन थंड केल्यामुळे आणि नंतर कमी तापमानाला टेम्पर केल्यामुळे, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा हलकेच तापवल्यामुळे, आलेली असते, त्यामुळे प्लेट पुन्हा 200 अंश सेल्सिअसच्या वर गेली की ती ओसरू लागते. प्रमाणपत्र मिलमधून निघालेल्या प्लेटचे असते. तुमच्या शॉपमध्ये तिचे पुढे काय झाले, हे त्यात कोठेही लिहिलेले नसते.

आता खरा सापळा सांगतो, आणि तो जरा लांबण लावूनच सांगतो. वेल्डिंगनंतर दरवाजाची चौकट थोडी ओढली जाते, खांब आणि दरवाजा यांत फट पडते, गाडी संध्याकाळपर्यंत रंगाला पाठवायची असते, आणि मुरलेला फिटर सहज म्हणतो, “जरा गॅस मार, बसेल.” साध्या पोलादावर हा सल्ला बिनचूक आहे, आणि येथेही दरवाजा खरोखरच बसतो, मात्र ज्या जागी ज्योत लावून प्लेट लाल केली, तेथे ती साध्या पत्र्याच्या बाजूला झुकलेली असते. कडेचा निळा पट्टा, म्हणजे साधारण 300 अंशांची खूण, कोणीतरी ग्राइंडरने घासून चकचकीत करतो, त्यावर प्रायमर बसतो, आणि पुढे ती जागा कोणालाही ओळखता येत नाही. पट्टा घासून गेला तरी मऊपणा तसाच राहतो. प्लेट पुन्हा तापवून पाण्यात थंड करणे हे मिलचे काम आहे. जोडलेल्या दरवाजावर तसे काही केले तर त्याचा आकारच जाईल. म्हणून ओढलेली चौकट वेल्डचे टाके (छोटे जोड) कापून पुन्हा जुळवावी, नाहीतर तो भाग बाद करावा. तिसरा मार्ग सांगणाऱ्याचे ऐकू नये, मग तो वयाने कितीही मोठा असो.

यावर घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण वेल्डच्या कडेचा मऊ पट्टा कोणालाच पूर्णपणे टाळता येत नाही आणि चांगली रचना तो गृहीत धरूनच केलेली असते. सांध्याच्या मागे त्याच पोलादाची, दोन्ही बाजूंचा मऊ भाग झाकेल इतक्या रुंदीची ओव्हरलॅप पट्टी देतात. तिचे स्वतःचे वेल्ड मात्र त्याच रेषेवर येऊ देऊ नयेत. तापमान दाखवणारा खडू खिशात ठेवावा आणि वेल्डच्या दोन पासांच्या (थरांच्या) मध्ये प्लेट 200 अंशांखाली आल्याची खात्री करावी. लहान तुकडे गॅसने कापू नयेत, कारण सगळी उष्णता त्यांच्यातच कोंडते. लेझर किंवा वॉटरजेट वापरावा. पातळ प्लेटवर उसळी मोजणारे हातातले कठीणतामापक फसवे आकडे देते, हेही ध्यानात असू द्यावे.

ओलाव्यातून वेल्डमध्ये हायड्रोजन शिरला तर तडा दोन दिवसांनीही उघडतो, त्यामुळे त्याच संध्याकाळी केलेल्या तपासणीवर विसंबू नये आणि दमट इलेक्ट्रोड (वेल्डिंगचे रॉड) वापरू नयेत. प्लेट वाकवताना प्रेस ब्रेकच्या (प्लेट वाकवणाऱ्या यंत्राच्या) समोर कधीही उभे राहू नका. ती तुटली तर तुकडा सरळ तुमच्याकडे येतो.

वजनाचा हिशेब पहिल्या दिवसापासून करावा. 6.5 मिलिमीटरची प्लेट चौरस मीटरला 51 किलो भरते आणि 40 मिलिमीटरची काच जवळपास 100 किलो, त्यामुळे मूळ गाडीची बिजागरी तशीच ठेवणारा आराखडा मी तरी वाचतच नाही.

शनिवार-रविवारच्या ‘आर्मरिंग’ शिबिरांच्या प्रमाणपत्रांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. ओलसर रॉड पाहताच तो बाजूला फेकणारा एखादा जुना वेल्डर सापडला, तर वर्षभर त्याच्या मागे उभे राहावे. तो चिडेल, पण शिकवेल. गोळीपासून बचावाच्या युरोपीय प्रमाणांतील बी6 पातळी म्हणजे 7.62×51 मिलिमीटर रायफलची मऊ गाभ्याची गोळी, आणि बी7 म्हणजे पोलाद भेदणारी, हे पाठ करायला एक दुपार पुरते. मात्र व्हीपॅम या युरोपीय चाचणी संस्थांच्या संघटनेच्या वाहन-चाचणीत अख्खी गाडी उभी करून सांधे, कुलुपे आणि फटी यांवर मुद्दाम गोळ्या झाडतात, आणि तेथे वेल्डरच्या हाताचाच निकाल लागतो.

मुलाखतीला गेलात तर पगाराआधी दोन प्रश्न विचारा : ओव्हरलॅप पट्ट्यांचे ड्रॉइंग दाखवाल का, आणि ओढलेली चौकट येथे कशी सरळ करतात? दुसऱ्या प्रश्नावर कोणी हसून गॅसच्या नळीकडे बोट दाखवले, तर ती नोकरी घेऊ नका. पोटापाण्यासाठी घ्यावीच लागली, तर निदान वेल्डिंगच्या नोंदवहीत तापमानाचा रकाना स्वतःच्या हाताने आखून घ्या आणि रोज भरा.